छायाचित्रकार आणि त्याचें उतावळें गिऱ्हाईक

गिऱ्हाइकाच्या पत्राला तासाच्या आंत उत्तर द्यावें, मग तो तास दुपारचा असो कीं मध्यरात्रीचा, हा उपदेश घरगुती समारंभांचीं छायाचित्रें काढणाऱ्या मंडळींना अलीकडे इतक्या बाजूंनीं आणि इतक्या आत्मविश्वासानें केला जात आहे कीं, त्याविरुद्ध कांहीं बोलणें म्हणजे त्यांच्या पोटावर पाय देणें, असें पुष्कळांस वाटूं लागलें आहे. उपदेशकांचें म्हणणें थोडक्यांत असें: काम चांगलें असून भागत नाहीं, माणूस सदा हजर असला पाहिजे, ई-मेल उघडा ठेवावा, व्हॉट्सॲप उशाशीं ठेवावें, आणि ह्यांत घरसंसाराची आबाळ होऊं लागली तर दोहोंचा 'तोल' साधावा. हा तोल कसा साधावा ह्यावर व्याख्यानें होतात, आणि तीं ऐकावयास पैसे मोजावे लागतात. आम्हांस हा सगळाच उपदेश मुळांत चुकलेला वाटतो. तो छायाचित्रकारास अपायकारक आहे हें उघड आहे. परंतु तो गिऱ्हाइकासहि तितकाच अपायकारक आहे, आणि ह्या दुसऱ्या गोष्टीकडे कोणाचें फारसें लक्ष गेलेलें दिसत नाहीं, म्हणून हा लेखनप्रपंच.

'तोल' ह्या शब्दापासूनच आरंभ करूं. तराजूच्या एका पारड्यांत धंदा आणि दुसऱ्यांत संसार, असें चित्र ह्या शब्दानें डोळ्यांपुढें उभें राहतें. बँकेंतल्या कारकुनाच्या बाबतींत तें खरें असूं शकेल. त्याच्या खातेवहीला त्याच्या घरच्या जेवणाशीं कांहीं कर्तव्य नाहीं. परंतु बारसें, डोहाळजेवण, मुंज, साठीशांत, सहस्रचंद्रदर्शन असल्या प्रसंगीं जो कॅमेरा घेऊन उभा राहतो त्याचा माल कोणता? यंत्रें सर्वांपाशीं जवळ जवळ सारखींच असतात. भिंगें पैसे टाकले कीं मिळतात. त्याच्यापाशीं विकावयास असते ती एकच वस्तु: घरांत माणसें एकमेकांशीं कशीं वागतात ह्याची जाण. बाळाच्या कानांत नांव सांगून आत्या वर होते न होते तोंच तिच्या पाठींत बायकांचे धपाटे बसणार, हें ज्याला ठाऊक आहे तो एक पाऊल आधींच सरकून उभा राहतो; ज्याला ठाऊक नाहीं त्याच्या चित्रांत धपाट्यानंतरचें हसूं येतें, धपाटा येत नाहीं. मुंजीतल्या मातृभोजनाच्या वेळीं बटूचें लक्ष ताटांतल्या लाडवाकडे असतें आणि आईचें बटूकडे. छायाचित्रकारानें त्या क्षणीं कोणाकडे पाहावें, हें त्याला कोणत्याहि वर्गांत शिकवितां येत नाहीं. तें तो आपल्या घरीं, आपल्या आईच्या आणि आपल्या मुलांच्या पंगतीला बसून, नकळत शिकलेला असतो.

म्हणजे ज्याला हे उपदेशक दुसऱ्या पारड्यांतलें वजन समजतात, तें वस्तुतः त्याच्या धंद्याचें भांडवल आहे. भांडवल खाऊन व्यापार वाढविणाऱ्यास आपण इतर कोणत्याहि धंद्यांत शहाणा म्हणत नाहीं.

पूर्वींची स्थिति आठवून पाहण्यासारखी आहे. पूर्वींचें तें सगळें चांगलें, असें म्हणणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं. १८३९ सालीं दागेर ह्याची कृति पॅरिसमध्यें जाहीर झाली, १८५४ सालीं मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे बंधु नारायण दाजी ह्यांच्यासारख्या गृहस्थांनीं ही विद्या हौसेनें आत्मसात केली. पण त्या काळच्या चित्रांतलीं कुटुंबें पाहिलीं तर फांशीची शिक्षा ऐकावयास बसविल्यासारखीं दिसतात. श्वास रोखून, मान ताठ ठेवून बसावें लागे, त्याला इलाज नव्हता. लाला दीनदयाळ ह्यांनीं १८९२ सालीं हैदराबादेस केवळ स्त्रियांसाठीं निराळी चित्रशाळा उघडली व तींत चित्रें काढावयासहि स्त्रीच नेमली, ह्यावरून एवढें मात्र दिसतें कीं, कुटुंबाचें चित्र काढावयाचें तर कुटुंबाच्या रीतिभाति आधीं ओळखाव्या लागतात, हें ह्या धंद्यांतल्या जाणत्यांस तेव्हांपासून माहीत होतें.

आमचा मुद्दा मात्र निराळा आहे. त्या चित्रशाळेला दार होतें. काचेच्या छपरांतून येणाऱ्या उजेडावर काम चाले, आणि सूर्य मावळला कीं धनी व गिऱ्हाईक दोघेहि आपापल्या घरीं जात. पुढें विजेचे दिवे आले, फिल्मचीं रिळें आलीं, पेठेपेठेंत स्टुडिओ निघाले. तरी दार राहिलें. दारावर वेळा लिहिलेल्या असत आणि साप्ताहिक सुटीचा वारहि लिहिलेला असे. फोटो कधीं मिळतील, असें विचारलें तर पावतीवर तारीख घालून मिळे. आठ दिवस म्हणजे आठ दिवस. सहाव्या दिवशीं गेलेल्या माणसाला काउंटरवरचा पोऱ्या पावती उलटी करून तारखेवर बोट ठेवून दाखवी, आणि त्यांत कोणालाहि अपमान वाटत नसे.

तें दार कोणी मोडलें? १९७१ सालीं रे टॉम्लिन्सन ह्या अमेरिकन गृहस्थानें एकाच खोलींत शेजारीं शेजारीं असलेल्या दोन यंत्रांमध्यें जाळ्यावरून पहिलें पत्र पाठविलें, तेव्हां त्याच्या मनांत कोणाच्या जेवणाच्या ताटापर्यंत पोंचण्याचा हेतु खचित नसावा. दोष पत्राचा नव्हेच. टपालांतून येणाऱ्या पत्रालाहि उत्तर द्यावें लागे. पण तें पत्र आणणारा पोस्टमन स्वतः संध्याकाळीं घरीं जात असे, म्हणून पत्र घेणाऱ्यालाहि संध्याकाळ मिळे. आतांचें पत्र आणणाऱ्याला घर नाहीं. एवढ्यानें भागलें नाहीं म्हणून कीं काय, पत्र वाचलें हें पाठविणाराला कळावें अशीहि सोय झाली, आणि वाचून उत्तर न देणें हा एक नवा अपराध जन्मास आला.

कामाचा हिशेब मांडून पाहूं. फिल्मच्या रिळांत छत्तीस चित्रें मावत तेव्हां हात आंखडता असे. आतां एका बारशाच्या दुपारीं छायाचित्रकार सहज हजार-बाराशें चित्रें टिपतो. बाराशें चित्रांवरून नुसती नजर फिरवावयाची, प्रत्येकास तीन सेकंद द्यावयाचे, तरी एक तास गेला. त्यांतून दीडशें निवडलीं आणि प्रत्येकाचा उजेड, रंग, कडा सारख्या करावयास चार चार मिनिटें लागलीं, तर तेच दहा तास झाले. हे तास हाताचे नव्हेत, डोळ्यांचे आहेत. एकाच क्षणाचीं सात चित्रें जवळ जवळ मांडून, त्यांतल्या कोणत्यांत आजीची मान नातवाकडे खरोखर वळली आहे आणि कोणत्यांत ती कॅमेऱ्याच्या भिडेनें वळली आहे, हें ठरवावयाचें असतें. अशा वेळीं टेबलावर यंत्र गुरगुरतें: "आजच्या आज निदान दहा तरी पाठवा, स्टेटसला ठेवायचे आहेत." उत्तर द्यावयास अर्धें मिनिट पुरतें, असें गिऱ्हाईक म्हणेल, आणि तें खोटें नाहीं. परंतु तें अर्धें मिनिट संपल्यावर सातहि चित्रें पुन्हां पहिल्यापासून पाहावीं लागतात, हें त्यास कोण सांगणार?

ही केवळ आमची कल्पना आहे असें कोणी समजूं नये. २०१२ सालीं कॅलिफोर्नियांतल्या अर्व्हाइन येथील विद्यापीठाच्या संशोधकांनीं कचेरींत काम करणाऱ्या तेरा माणसांचा ई-मेल पांच दिवस बंद ठेवून त्यांच्या हृदयाचे ठोके तपासले. त्या दिवसांत तीं माणसें हातांतल्या कामावर अधिक वेळ टिकलीं आणि त्यांच्यावरचा ताण कमी झालेला आढळला. २०१५ सालीं ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठांतील संशोधकांनीं सव्वाशेंच्या जवळपास लोकांना एक आठवडा दिवसांतून तीनच वेळां टपाल पाहावयास सांगितलें. त्यांचाहि ताण उतरला. तेरा ही संख्या लहान आहे हें आम्ही जाणतों, आणि ते लोक छायाचित्रकार नव्हते हेंहि जाणतों. परंतु ज्याचें सगळें काम नजर स्थिर ठेवण्याचें आहे त्यास हा नियम कमी लागू पडेल असें मानण्यास काय आधार?

येथें आम्हांस एक आत्मकथन करणें प्राप्त आहे. तें टाळलें तर ह्या लेखास लबाडीचा वास येईल. गेल्या वर्षीं आमच्या नातवाचें बारसें झालें. छायाचित्रें काढावयास एक तरुण गृहस्थ आले होते, त्यांचें काम आम्हांस फार आवडलें, आणि आल्बमाचा कच्चा नमुना पाहावयास एका रविवारीं दुपारीं आम्ही त्यांच्या घरीं गेलों. पानें वाढलेलीं होतीं. जेवूनच जा, असा आग्रह झाला. गृहस्थांच्या ताटाशेजारीं, पाण्याच्या तांब्याला टेकून, मोबाईल उभा केलेला होता. त्यांची सात-आठ वर्षांची मुलगी आली, तिनें तो आडवा केला आणि पोळ्यांच्या डब्याचें झांकण त्यावर पालथें घातलें. कोणी कांहीं बोललें नाहीं. हा त्या घरांतला रोजचा विधि असावा. वरणभात कालवून होतो न होतो तोंच तें झांकण फरशीवर खडखडूं लागलें. गृहस्थांनीं ओशाळून हसत तें उचललें, उजवा हात खरकटा म्हणून डाव्या हाताच्या अंगठ्यानें यंत्र चालविलें, आणि म्हणाले, "तुमच्याच घरून आहे."

निरोप असा होता: पहिल्या पानावरच्या फोटोंत आजीचे डोळे मिटलेले आहेत, तो बदलून द्याल का? जमल्यास आत्तांच कळवा.

ती मुलगी आमच्याकडे पाहून वडिलांना म्हणाली, "बाबा, पण ते आजोबा तर इथंच बसलेत!"

ज्याला उतावळें म्हणून नांवें ठेवीत आम्ही मित्रमंडळींत फिरत होतों, तें गिऱ्हाईक आमच्याच घरचें निघालें. गृहस्थांनीं डाव्या अंगठ्यानें "हो, बदलतो" एवढें लिहिलें आणि चित्र बदललें गेलें. आतां त्या पहिल्या चित्रासंबंधीं सांगावयाचें तें असें कीं, त्यांत आजीचे डोळे मिटलेले होते ते तिनें त्याच क्षणीं बाळाची टाळू हुंगली होती म्हणून. डोळे उघडे ठेवून कोणती आजी टाळू हुंगते? गृहस्थांनीं तें चित्र पहिल्या पानावर घातलें होतें तें समजून उमजूनच घातलें होतें, आणि निवांत असते तर त्यांनीं तसें आमच्या घरच्यांना दोन वाक्यांत सांगितलें असतें, व तें आमच्या घरच्यांना पटलेंहि असतें. परंतु जेवतां जेवतां डाव्या अंगठ्यानें कोणी वाद घालीत नाहीं. माणूस 'हो' म्हणून मोकळा होतो. त्वरित उत्तराचें हें खरें फळ. तें चित्र मागाहून आम्हीं निराळें मागवून घेतलें. त्यासाठीं आम्हांस आणखी दोन ई-मेल लिहावे लागले, हेंहि कबूल करतों.

आमचे व्यवहारी मित्र येथें म्हणतील कीं, हें सगळें ठीक आहे, पण जो आधीं उत्तर देतो त्यालाच काम मिळतें, त्याचें काय? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाहीं. ह्या धंद्याचें वर्ष सारखें नसतें. चातुर्मासांत लग्नमुंजी नाहींत. कॅमेऱ्याच्या कर्जाचे हप्ते मात्र चातुर्मास पाळीत नाहींत. मुहूर्त आले म्हणजे एका दिवशीं तीन बोलावणीं, आणि मुहूर्त संपले म्हणजे महिना महिना शुकशुकाट. अशा माणसानें नव्या कामाच्या विचारणेस त्याच दिवशीं उत्तर द्यावें, हें आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. परंतु त्याच्याकडे येणारे निरोप एकदां निवडून पाहावे. नव्या कामाची विचारणा त्यांत थोडी असते. बाकीचा सगळा ढीग विसार देऊन बसलेल्या, कोठेंहि न जाणाऱ्या गिऱ्हाइकांचा असतो: झाले का, किती झाले, आमच्या मावशी जरा सडपातळ दिसतील असें करतां येईल का, सगळेच फोटो द्या ना, न निवडलेलेसुद्धां. ह्यांना रात्री साडेअकरा वाजतां उत्तर दिल्यानें एकहि नवें काम येत नाहीं. येतो तो दुसरा निरोप, कारण हा मनुष्य साडेअकराला जागा असतो हें गिऱ्हाइकास त्या उत्तरानेंच कळलेलें असतें.

आणि छायाचित्रकार तरी सर्वस्वीं निर्दोष कोठें आहे? समारंभ संपण्यापूर्वींच चित्रें हातांत, अहोरात्र सेवा, असल्या जाहिराती कोणीं छापल्या? गिऱ्हाइकाला ही चटक लावणारे पुष्कळसे त्याचे व्यवसायबंधुच आहेत, आणि आतां जो तो दुसऱ्याच्या भीतीनें ती चटक पुरवीत बसला आहे. मिठाईवाला पाक तयार व्हावयाच्या आधीं जिलबी काढून देत नाहीं, मग गिऱ्हाईक कितीहि भुकेलें असो. तेवढें धैर्य छायाचित्रकारास दाखवितां येऊं नये?

कांहीं मंडळी ह्यावर यांत्रिक तोडगा सुचवितात. आपोआप उत्तर देणारीं यंत्रें आहेत. बाराशें चित्रांतून दीडशें निवडून देणारींहि आतां निघालीं आहेत. उत्तर देणाऱ्या यंत्राबद्दल आम्ही फार लिहीत नाहीं. त्याचें गोड उत्तर वाचून गिऱ्हाईक आणखी दोन प्रश्न विचारतें, एवढा अनुभव सर्वांस आहे. निवड करणारें यंत्र मात्र अधिक विचार करण्यासारखें आहे. तें अस्पष्ट चित्र बाजूस काढतें, तें योग्यच. परंतु मिटलेल्या डोळ्यांचें चित्रहि तें सदोष म्हणून बाजूस काढतें, आणि अशा रीतीनें टाळू हुंगणारी आजी आमच्या घरच्यांच्या तावडींत सांपडण्यापूर्वींच गारद झाली असती. यंत्राला आजी नसते, ही त्याची चूक नव्हे. ज्याला आजी होती त्यानें तिची आठवण ठेवण्याइतकी सवड स्वतःस ठेवावी, एवढाच प्रश्न आहे.

कायद्याकडून ह्या कामीं आशा नाहीं. फ्रान्समध्यें १ जानेवारी २०१७ पासून, पन्नासांहून अधिक नोकर असलेल्या कंपन्यांनीं कामाच्या वेळेबाहेरील ई-मेलसंबंधीं नोकरांशीं बोलणी करावीं, असा कायदा अमलांत आला. आपल्याकडे २०१८ सालीं सुप्रिया सुळे ह्यांनीं लोकसभेंत अशाच आशयाचें खासगी विधेयक मांडलें होतें. त्याचा कायदा झाला नाहीं. पण झाला असता तरी तो नोकरासाठीं झाला असता. घरगुती छायाचित्रकार हा स्वतःचाच धनी आणि स्वतःचाच चाकर. चाकरानें फिर्याद करावयाची ती कोणाविरुद्ध? तेव्हां त्याचा कायदा त्यालाच करावा लागणार आणि गिऱ्हाइकालाच तो पाळावा लागणार. जुन्या स्टुडिओची पावती त्यानें पुन्हां काढावी. विसार घेतांना तिच्यावर तारीख घालावी, निरोप पाहण्याच्या दोन वेळा लिहाव्या, रविवार कोरा ठेवावा, आणि मग स्वतः त्या पावतीशीं इमान राखावें; हें शेवटचेंच सर्वांत अवघड. दोन-चार कामें जातील. जी कुटुंबें राहतील त्यांच्याकडे बारशापाठोपाठ मुंज असते आणि मुंजीनंतर लग्न.

एका गिऱ्हाइकाबद्दल मात्र आम्हांस कठोर लिहवत नाहीं. न्यू जर्सीला राहणारा मुलगा, वडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनाला रजा मिळाली नाहीं म्हणून येऊं शकला नाहीं. त्याच्याकडे उन्हाळ्यांत संध्याकाळचे सात वाजतात तेव्हां पुण्यांत पहांटेचे साडेचार वाजलेले असतात, आणि नेमक्या त्याच वेळीं कामावरून परतून तो छायाचित्रकाराला ई-मेल लिहितो: कांहीं तरी पाठवा, कसेहि असले तरी चालतील. ही स्टेटसवाल्याची घाई नव्हे, हें आम्हांस कळतें. छायाचित्रकारासहि तें कळतें, म्हणून तो अंथरुणांतून उठतो, दिवा न लावतां यंत्रापुढें बसतो, हातीं लागतील तीं वीस चित्रें पाठवून देतो, आणि त्या विसांत वडिलांनीं सुपारी चाचपतां चाचपतां दाराकडे पाहिलें होतें तें चित्र नसतें, कारण तें शोधावयास दिवसाचा उजेड आणि शांत डोकें लागतें. तें आठ दिवसांनीं पावतीवरच्या तारखेला मिळालें असतें. तोंवर त्या मुलानें छायाचित्रकाराला निजूं द्यावें आणि वडिलांना फोन लावावा. साडेचारला ते उठलेलेच असतात.